अधांतरी कण

७ फेब्रुवारी

आत्या,

पत्र मिळालं. गुडघा कसा आहे हे तू या वेळीही लिहिलेलं नाहीस, म्हणजे तो बरा नाही असं मी धरून चालते.

तू विचारलंस, मी इथे नक्की करते काय. बाबांना मी 'कॉम्प्युटरवर काम' एवढं सांगून गप्प करते, पण तुझ्यापुढे ते चालायचं नाही. तर ऐक. आमच्या प्रोग्राममध्ये एका सपाट जमिनीवर वरून कण पडत राहतात. कुठे पडायचं ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. काही कण साधे असतात. ते पडले की शेजारच्या सखल जागेत घरंगळून बसतात. काही चिकट. त्यांचं अंग वाटेत शेजारच्या उंच चळतीला लागलं की ते तिथेच चिकटतात, खाली पोचतच नाहीत. असा ढीग वाढत जातो आणि त्याचा माथा ओबडधोबड होत जातो. तो किती झपाट्याने ओबडधोबड होतो, याचा एक आकडा काढता येतो. साध्या कणांचा येतो एक चतुर्थांश, चिकट कणांचा एक तृतीयांश. ढीग वाळूचा आहे की बर्फाचा याच्याशी त्या आकड्याला फारसं देणंघेणं नसतं, आणि म्हणूनच शहाणीसुरती माणसं यात आयुष्य घालवतात.

आमचा प्रश्न असा, की साध्या कणांत अगदी थोडेच चिकट मिसळले तर काय होईल? बगळा म्हणतो, थोडे असले तरी शेवटी एक तृतीयांशच येतो, फक्त वाट बघावी लागते. बगळा म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा, मला वरिष्ठ. फळ्यासमोर विचार करताना एक पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवून उभा राहतो, म्हणून ते नाव. सरांनी मला सांगितलं, त्याचा प्रोग्राम न बघता स्वतःचा लिही आणि पडताळा घे. मी घेतला. मला एक चतुर्थांश येतो. प्रत्येक वेळी.

त्याला सांगितलं तर म्हणाला, "अजून थांबून बघ." किती थांबू? मी जवळ गेले की तो स्क्रीन वळवतो. त्याचा आलेख मी सरांच्या टेबलावर पाहिला. आत्या, तो आलेख वाढलेला वाटत नाही, इस्त्री केलेला वाटतो. माझ्या आलेखाला किती सुरकुत्या आहेत, आणि त्याचा एकदम कडक.

मी त्याच्यावर आरोप करत नाही. (हे वाक्य खोडलं होतं, पुन्हा लिहिलं.) पण महिनाअखेर लेख जाणार आणि त्यावर तिसरं नाव माझं आहे. ते खोट्याखाली जायला नको, एवढंच.

तुझी
शंकी

* * *

१३ फेब्रुवारी

शंके,

गुडघा होता तिथेच आहे, कुठे गेलेला नाही. त्याची चौकशी पुरे.

तुझा बाप म्हणतो, हे सगळं फोनवर का बोलत नाही तुम्ही दोघी? फोनवर बोललेलं परत तपासता येत नाही, म्हणून. कागदावरचं कागदावर राहतं. इतकी वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, ती काय उगाच?

तुझ्या बगळ्याबद्दल माझं मत ऐक. ज्या पानावर मला एकही चूक सापडायची नाही, ते पान मी पुन्हा वाचायचे. माणसाच्या हातून एवढं स्वच्छ काही होत नसतं. एक तर वाचणाऱ्याला डुलकी लागलेली असते, नाहीतर कोणीतरी मागाहून हात फिरवलेला असतो. तुला डुलकी लागत नाही, तुला अंथरुणातही लागत नाही. तेव्हा कुठेतरी नक्की पाणी मुरतंय.

त्याला तुझा प्रोग्राम दाखवू नकोस. त्याचा मात्र माग. नाही म्हणाला तर कसं नाही म्हणाला, ते लिही. सरांशी त्याचा घरोबा आहे का तेही बघ. तुझं स्वतःचं नीट तपासलेलं असणारच. शाळेत जाईपर्यंत तुला स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी शिकवलंय, त्यामुळे तो प्रश्न नाही.

आत्या

* * *

२० फेब्रुवारी

आत्या,

मागितला. संभाषण जसंच्या तसं लिहिते.

मी म्हटलं, "तुझा प्रोग्राम बघायला देतोस?"

"तू तुझा देतेस?"

"आधी मी विचारलं."

"मग आधी मी नाही म्हणतो."

आणि हसला. पण डोळे हसत नव्हते. त्यानंतर तो जेवायला जातानाही लॅपटॉप काखेत मारून जातो. काल सरांच्या खोलीत दोघं बोलत होते, मी दार ढकललं आणि बोलणं थांबलं. सर म्हणाले, "ये ये, काही नाही, आमचं आपलं चाललंय." 'आमचं आपलं' म्हणजे काय?

अजून एक कळलं. त्याच्या नेमणुकीची मुदत एप्रिलच्या मध्यावर संपते. वाढवून द्यायचा कागद संचालकबाईंच्या टेबलावर आहे, आणि तो बराचसा याच लेखावर अवलंबून आहे. मुदत वाढली नाही तर त्याला संस्थेच्या आवारातली खोलीही सोडावी लागेल. म्हणजे त्याच्याकडे कारण आहे. कारण असणं म्हणजे गुन्हा नव्हे, हे मला कळतं. पण ते कळल्यापासून तो नुसता खोकला तरी मी मान वर करून बघते.

सरांकडे जाऊ का? गेले आणि मी चुकले असेन तर? नाही गेले आणि बरोबर असेन तर? आज डबा तसाच परत आणला.

शंकी

* * *

२५ फेब्रुवारी

शंके,

डबा खात जा. तू कुठेही जाऊ नकोस, कोणाला काही बोलू नकोस. तू लहान आहेस. काही गोष्टी मोठ्यांनी बघायच्या असतात.

घाईत आहे.

आत्या

* * *

९ मार्च

आत्या,

इथे गोंधळ उडाला आहे. पत्राला उशीर झाला तो त्यामुळेच.

गेल्या महिन्याच्या अखेरीस, लेख जायच्या आधीच, संचालकबाईंच्या ऑफिसात कोणाचा तरी फोन आला. नाव सांगितलं नाही. म्हणे, तुमच्याकडचा अमुक एक जण आकड्यांना हात लावतो, प्रोग्राम लपवतो, चौकशी करा. 'अमुक एक' म्हणजे बगळा. लेख थांबला. मुदतवाढीचा कागद सहीविना परत आला. सरांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, कोणाला काही सांगायचं आहे का? सगळे खाली बघत होते. नंतर सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण माझा आकडा जुळत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे.

संध्याकाळी मी चहाचा कप धूत होते तेव्हा बगळा मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "समोर येऊन बोलली असतीस तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "फोन मी केलेला नाही." तो म्हणाला, "बरं." त्या 'बरं'चं मी काय करू?

मला वेगळीच शंका येते. हा फोन त्यानेच कोणाकडून तरी करवला नसेल ना? म्हणजे सगळ्यांना वाटावं मी कागाळी केली, आणि माझा आकडा आपोआप मत्सराचा ठरावा. ऑफिसातल्या बाई सांगत होत्या, फोनवर कोणी वयस्कर बाई होती. असेल त्याची कोणी मावशी.

एकविसला संचालकबाईंसमोर दोघांचे प्रोग्राम उघडायचे आहेत. ओळ न् ओळ.

आत्या, तू तर नाहीस ना? विचारायचं म्हणून विचारते. रागावू नकोस.

शंकी

* * *

१२ मार्च

शंके,

वयस्कर? फोनवरून त्या बाईला वय कसं कळलं म्हणे? काही लोकांना काही काम नसतं.

जिने तुला पाटीवर पहिली बेरीज गिरवायला लावली तिलाच विचारतेस, "तू तर नाहीस ना?" शाबास. हेच शिकवलं मी तुला.

त्या मुलाचा कागद खरंच परत आला का, की ही नुसती आवई आहे? आणि खोली म्हणजे लगेच सोडावी लागते, की पुढेमागे? मला काय करायचंय म्हणा. सहज विचारलं.

आत्या

* * *

१५ मार्च

आत्या,

हे पत्र मी बसस्टॉपवरच्या बाकावर बसून लिहिते आहे. टेबलाशी बसवत नाही.

चूक माझी आहे.

एकविसच्या तयारीसाठी मी प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला, जणू दुसऱ्या कोणाचा आहे असा. मध्ये चार ओळी आहेत. त्यांना मी नावही दिलं होतं, 'आवराआवर'. अगदी पहिल्या दिवशी मी ढिगाचं चित्र काढलं तेव्हा त्यात भोकं दिसली होती. चिकट कण वरच्या वर अडकलेला, खाली पोकळी. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. कण असा अधांतरी कसा राहील? म्हणून त्या चार ओळी घातल्या. एक थर पडून झाला की ज्या कणाच्या खाली रिकामं आहे त्याला खाली सरकवून बसवायचं. ढीग कसा छान भरीव दिसायला लागला. मग मी त्या ओळींकडे पुन्हा पाहिलंच नाही. घर झाडून झाल्यावर केरसुणीकडे कोण बघतं?

पण चिकट कण अधांतरी राहतो, हेच तर त्याचं चिकटपण. त्याच्यामुळे ढीग बाजूलाही वाढतो, त्याच्यामुळेच आकडा बदलतो. मी प्रत्येक चिकट कणाला साधा करून ठेवत होते, आणि वर म्हणत होते, बघा, चिकट कणांनी काही फरकच पडत नाही. चार ओळी काढल्या. आकडा सावकाश वर सरकत एक तृतीयांशाकडे निघाला. बगळा म्हणाला होता तसाच, वाट बघायला लावून.

त्याच्या आलेखाची इस्त्रीही कळली. तो एकेका आकड्यासाठी असंख्य ढीग वाढवून त्यांची सरासरी काढतो. मी मूठभर वाढवले. सरासरी घेतली की कोणाच्याही सुरकुत्या जातात. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण एकदा शंका उंच वाढली की येणारा प्रत्येक कण तिलाच जाऊन चिकटतो, खालपर्यंत काही पोचतच नाही. लॅपटॉप, खोकला, सरांचं 'आमचं आपलं', सगळं तिलाच चिकटलं.

अजून कोणालाही माहीत नाही. एकविसला मी नुसतं म्हणू शकते, "पुन्हा चालवून पाहिला, आता जुळतोय." मग मी सावध मुलगी ठरते. सगळे खूश होतील.

पण फोनचं काय? आज मी ऑफिसातल्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "बाई फार कडक होत्या हो. म्हणाल्या, लिहून घ्या, आणि लिहिलंत ते मला वाचून दाखवा." मग त्यांनी मला वाचून दाखवलं. 'आलेख वाढलेला नाही, इस्त्री केलेला आहे.'

हे वाक्य मी जगात फक्त एका माणसाला लिहिलं होतं. या वेळी रागावू नकोस आत्या, उत्तर दे.

शंकी

* * *

१८ मार्च

शंके,

हो. मी केला.

औषधांच्या दुकानात गेले होते, तिथून केला. पत्र लिहिलं असतं तर त्यांच्याकडे माझं अक्षर राहिलं असतं. फोनवरचं हवेत विरून जाईल असं वाटलं. त्या बाईला लिहून घ्यायला मीच सांगितलं, ती सवय. गाढवपणा म्हण हवं तर.

का केला ते विचारशीलच. तू डबा परत आणत होतीस. तुझं नाव खोट्याखाली जाणार होतं. तू सरांकडे गेली असतीस तर त्यांनी तुलाच उभं-आडवं घेतलं असतं, ते बघवलं नसतं मला. मला वाटलं, आपण बाहेरचे, आपल्याला कोण काय करणार?

आता माझं ऐक. त्या चार ओळी मुकाट्याने काढून टाक. मशीन सुरू व्हायच्या आधी चूक दिसली तर आम्ही सुधारायचो, छापखान्यात बोंबलत फिरायचो नाही. आकडा जुळला म्हणजे त्या मुलाचंही भलंच होईल. तुझंही झाकलेलं राहील. माझंही. यात कोणाचं काय वाईट आहे, सांग?

आत्या

* * *

२४ मार्च

आत्या,

तुझं पत्र मला वीसला मिळालं. तू मला असं काही सुचवशील असं कधी वाटलं नव्हतं. दिवसभर ते पर्समध्ये होतं आणि मला सारखं वाटत होतं, पर्स उघडी राहिली आहे.

एकविसला मी सगळं सांगितलं. संचालकबाई, सर, बगळा आणि मी, एवढेच होतो. चार ओळी भिंतीवर मोठ्या करून दाखवल्या. नाव बदललं नाही, 'आवराआवर' तसंच ठेवलं. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली, एक भोकांचं, एक भरीव. सर म्हणाले, "एवढी नीटनेटकी चूक मी कधी पाहिली नव्हती." कोणीही हसलं नाही.

मग बगळ्याने त्याचा प्रोग्राम उघडला. त्यात लपवण्यासारखं काहीही नव्हतं. मी विचारलं, "मग दाखवत का नव्हतास?" तो म्हणाला, "मला वाटलं, सरांनी तुला माझ्यावर नजर ठेवायला नेमलंय. मुदत संपायच्या वेळेला एखाद्याचं काम दुसऱ्याकडून तपासून घेतात, ते कशासाठी असतं?" सर एकदम म्हणाले, "अरे, मी फक्त पडताळा घ्यायला सांगितलं होतं!" म्हणजे तो मला बघत होता आणि मी त्याला बघत होते. ढिगाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

मला वाटलं, झालं, संपलं. पण संचालकबाई म्हणाल्या, "गणिताचं मला समजलं. तक्रार मात्र तशीच राहते. ती आली आहे, नोंदली गेली आहे आणि निनावी आहे. मागे घ्यायलाही कोणी नाही. आता रीतसर चौकशी होईल, आणि तोवर मी सही करू शकत नाही." चौकशीला महिने लागतात. बगळ्याची मुदत त्याआधीच संपते. त्याने काल पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. मी मदत करू का विचारलं. "नको," म्हणाला, "माझं आवरणं वेगळं असतं."

फोन कोणी केला हे मी सांगितलेलं नाही. मला विचारलं होतं. मी म्हटलं, "मला माहीत आहे, पण ते मी सांगू शकत नाही."

का नाही सांगितलं? थोडी भीती होतीच. पण बाकीचं असं, की ते मी सांगितलं तर ती आणखी एक चहाडी होईल. ते तुझ्या तोंडून यायला हवं. येईल की नाही ते मला माहीत नाही. मी तुझ्यावर जबरदस्ती करणार नाही. त्याची मुदत पंधरा एप्रिलला संपते, एवढं फक्त कळवते.

शंकी

* * *

१ एप्रिल

शंके,

दोन दिवस तुझ्यावर संतापले होते. तिसऱ्या दिवशी कळलं की संताप तुझ्यावर नाही. चौथ्या दिवशी कपडे बदलले आणि औषधांच्या दुकानात गेले. फोन घरून केला नाही, घरून करवला नसता. दुकानदार म्हणाला, "आजी, पुन्हा तिथेच का?" त्याला म्हटलं, तू गोळ्या मोज.

त्या ऑफिसातल्या बाईने आवाज ओळखला. मी पूर्ण नाव सांगितलं. पत्ता सांगितला. तुझी आत्या आहे तेही सांगितलं, त्याला इलाज नव्हता. तिने विचारलं, "तक्रार मागे घेताय तर कारण काय लिहू?" मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सुधारली, पण तेव्हा मला एक सरळ वाक्य जमेना. शेवटी म्हटलं, "लिहा, मी न बघता बोलले. मला काहीच माहीत नव्हतं." तिने ते मी न सांगताच मला वाचून दाखवलं.

मग तिने फोन संचालकबाईंना जोडला. त्यांनी मला चांगलं झाडलं, ते तुला सांगत बसत नाही. हे सगळं सही करून पाठवा म्हणाल्या, ते आजच टपालात टाकलं. कागद हातात पडला की मुदतवाढीवर सही करते, असं त्यांनी स्वतः सांगितलं. तेव्हा त्याला म्हणावं, पुस्तकं खोक्याबाहेर काढ. नाहीतर राहू दे, तू म्हणू नकोस. त्याला कळेलच.

आता राहिलेलं सांगते. हे सांगावं की नाही याचा सकाळपासून विचार करते आहे. पण तुझ्यापासून आता पुन्हा काही झाकून ठेवायचं नाही, असं ठरवलंय.

बाईंनी त्या मुलाला बोलावून घेतलं आणि फोन त्याच्या हातात दिला. मी माफी मागितली. चांगली, सविस्तर मागितली. माझं झाल्यावर त्याने विचारलं, "बाई, तुम्ही मला कधी पाहिलंय?"

मी म्हटलं, "नाही रे बाबा. कसं पाहणार?"

तो म्हणाला, "मग ठीक आहे. पाहून बोलला असतात तर जास्त लागलं असतं."

आणि फोन ठेवला. मी रिसीव्हर हातात धरून तशीच उभी होते. दुकानदार म्हणाला, "आजी, बसता का?"

शंके, हे तो मला म्हणाला नाही. त्याला रोज पाहतेस ती तू. उद्या तू त्याच्या शेजारच्या टेबलावर जाऊन बसशील. काय बोलायचं ते मी तुला सांगणार नाही. मला माहीत नाही.

गुडघा दुखतोय. बराच दुखतोय.

आत्या